बुडत्या उद्योगाला सरकारी पैसा नको म्हणणारा नेता: तत्त्व किती, देखावा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणारा एक नेता डबघाईला आलेल्या उद्योगांना बेलआउट, म्हणजे तगवण्यासाठी सरकारी मदत, द्यायला ठाम विरोध करतो. तरीही पॅकेज मंजूर होतं, कंपनी तगते, पैसेही परत येतात. मग तो नेता चुकला म्हणायचं का? आणि त्याचा विरोध तत्त्वाचा होता की टाळ्यांसाठी, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?

माझं काम थकलेल्या कर्जांचं. बुडायला आलेल्या कंपनीला आणखी पैसे द्यायचे का, जुने किती सोडायचे, वसुलीच्या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, हे जिथे ठरतं त्या टेबलावर मी बसत आलो आहे. राजकारणाबद्दल बोलायचं तर मी तिथूनच बोलू शकतो.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. पैसे परत आले एवढ्यावरून विरोध करणारा चुकला असं ठरत नाही. माझ्या धंद्यात वाईट कर्जंही कधीकधी वसूल होतात, आणि म्हणून ती द्यायला हवी होती असं कुणी म्हणत नाही. कर्ज देताना जी जोखीम घेतली तिची किंमत वसूल झाली का, हा खरा हिशोब. सरकारी हमीच्या, म्हणजे ‘कंपनीने कर्ज फेडलं नाही तर आम्ही फेडू’ या वचनाच्या बाबतीत हा हिशोब सहज लपतो, कारण हमी देताना तिजोरीतून त्या दिवशी एक पैसाही जात नाही. अर्थसंकल्पात खर्च दिसत नाही, म्हणून मंत्री म्हणतात की फुकटात काम झालं.

मदत मागणाऱ्या कंपनीचा प्रस्ताव कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे विरोध करणारा नेमका कशाला विरोध करतो ते कळेल. व्यवहार्यता अहवालात पहिल्या काही पानांवर विक्रीचा आलेख असतो. मागची तीन वर्षं रेघ खाली उतरते, पुढची पाच वर्षं वर चढते, आणि जिथे ती वळते तिथे आपण द्यायचं कर्ज असतं. रेघ का वळणार, याचं उत्तर ‘नवं मॉडेल’, ‘बाजार सुधारणार’, ‘खर्चकपात’ असं असतं. त्यातली खर्चकपात तेवढी कंपनीच्या हातात असते, आणि नेमका तोच भाग अहवालात सर्वांत मोघम लिहिलेला असतो. शेवटच्या पानांवर नोकऱ्यांचा आकडा येतो. कंपनीचे कामगार, पुरवठादारांचे कामगार, डीलरकडचे कामगार, आणि या सगळ्यांच्या पगारावर चालणारी दुकानं, असा तो फुगत जातो. आकडा खोटा असतोच असं नाही. पण कंपनी बंद पडली तर तिचे ग्राहक तिच्या प्रतिस्पर्ध्याकडे जातील आणि काही नोकऱ्या तिकडे तयार होतील, हा उलटा हिशोब त्या पानांवर मी फारसा पाहिलेला नाही.

आता एक खरा नेता घेऊ. विल्यम प्रॉक्समायर हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर, पक्ष डेमोक्रॅटिक. काटकसरी नेता म्हटला की लोकांना रिपब्लिकनच आठवतो, म्हणून मुद्दाम हे उदाहरण. सरकारी उधळपट्टीला ते दर महिन्याला ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा उपरोधिक पुरस्कार देत. शेवटच्या दोन निवडणुका त्यांनी देणग्या न घेता, दोनशे डॉलरपेक्षाही कमी खर्चात लढवल्या. १९७१ मध्ये लॉकहीड ही विमान कंपनी अडचणीत आली. तिच्या ट्रायस्टार या प्रवासी विमानाचं इंजिन बनवणारी रोल्स-रॉइस त्या वर्षी फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली होती. (अडलेल्या कंपन्यांना सरकार सावरणार नाही, असं बजावत सत्तेवर आलेल्या ब्रिटनच्या हीथ सरकारने ती चटकन सरकारी मालकीची करून टाकली, ही त्यातली गंमत.) लॉकहीडला २५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी द्यावी, असं विधेयक आलं. प्रॉक्समायर यांनी जिवापाड विरोध केला. सिनेटमध्ये विधेयक ४९ विरुद्ध ४८ मतांनी, म्हणजे एका मताने पारित झालं.

पुढे कर्ज फिटलं. सरकारला हमीचं शुल्कही मिळालं. प्रॉक्समायर चुकले, असं तेव्हाही म्हटलं गेलं. पण ज्या विमानासाठी हा खटाटोप झाला ते २५० च्या पुढे विकलं गेलं नाही, त्यात लॉकहीडचं प्रचंड नुकसान झालं, आणि ट्रायस्टारनंतर कंपनी प्रवासी विमानांच्या धंद्यातून बाहेर पडली. त्याहून वाईट गोष्ट १९७६ मध्ये उघड झाली. हे विमान खपवण्यासाठी कंपनीने परदेशात लाच वाटली होती. जपानमध्ये त्यावरून माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली आणि ५० कोटी येन घेतल्याबद्दल १९८३ मध्ये ते दोषी ठरले. त्या विमानाची बोलणी जपानमध्ये १९७२ साली चालू होती, म्हणजे कंपनी सरकारी हमीवर उभी असतानाच. परदेशात लाच देणं गुन्हा ठरवणारा अमेरिकेचा १९७७ चा कायदा सिनेटमध्ये पुढे नेणारे होते प्रॉक्समायर. ‘पैसे परत आले’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही. विक्रीवरच जीव टांगलेल्या कंपनीला आणखी मुदत दिली की ती विक्री कशी होते, याकडे हमीदाराने बारकाईने बघायचं असतं. सरकार बघत नाही.

१९७९ मध्ये क्रायस्लर ही मोटार कंपनी मदत मागायला आली. ही गोष्ट बेलआउटच्या बाजूची मंडळी अभिमानाने सांगतात, आणि सांगावी अशी ती आहेच. १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी, ली आयाकोका यांचं नेतृत्व, आणि १९८३ मध्ये मुदतीच्या सात वर्षं आधी परतफेड. प्रॉक्समायर तेव्हा सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष होते आणि विरोधातच होते. पण या वेळी विरोध नुसता ‘नको’ एवढाच राहिला नाही. मतं जमवायची म्हणून विधेयक कडक होत गेलं. इंडियानाचे रिचर्ड लुगार यांनी मॅसॅच्युसेट्सच्या पॉल त्सोंगास यांच्याबरोबर तीन वर्षं वेतन गोठवण्याचा प्रस्ताव आणला. कामगार संघटनेने आधी सुमारे २० कोटी डॉलरची सूट मान्य केली होती. अंतिम कायद्यात ती ४६.२५ कोटींवर गेली. बँका, पुरवठादार, राज्य सरकारं, सगळ्यांनी आपापला वाटा सोसल्याशिवाय हमी लागू होणार नव्हती. शिवाय सरकारने वॉरंट घेतले, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क.

त्या वॉरंटचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. कंपनी सावरली, शेअर चढला, आणि मग क्रायस्लरला वाटायला लागलं की सरकारने हा हक्क सोडून द्यावा, निदान स्वस्तात तरी परत द्यावा. सरकारने ऐकलं नाही, लिलाव केला. क्रायस्लरलाच ते ३१.१ कोटी डॉलर मोजून विकत घ्यावे लागले. संकटात ‘काहीही द्या, सगळं मान्य’ म्हणणारा कर्जदार सावरल्यावर प्रत्येक अटीवर घासाघीस करतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याचं आता नवल वाटत नाही. म्हणून अट संकटाच्या दिवशीच कागदावर यावी लागते. आणि ती तेव्हाच येते, जेव्हा टेबलाच्या पलीकडे खरोखर ‘नाही’ म्हणू शकेल असा कुणी बसलेला असतो. सगळेच मदतीला उतावीळ असले तर वॉरंट मागणार कोण?

माझ्या मते विरोध करणाऱ्या नेत्याचा उपयोग इथे आहे. तो मदत बहुधा थांबवू शकत नाही. तिची किंमत वाढवू शकतो.

अर्थात क्रायस्लरच्या यशात आणखी एक हात होता, तो सांगितला जात नाही. १९८१ पासून जपानने अमेरिकेला होणारी मोटारींची निर्यात ‘स्वेच्छेने’ वर्षाला १६.८ लाखांवर मर्यादित केली. स्वेच्छा कसली, दबावच तो, आणि तो आणणारं सरकार रोनाल्ड रेगन यांचं. स्पर्धा आटली, मोटारींचे भाव चढले, आणि फरक ग्राहकाने भरला. ही मदत कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. तेव्हा एखादा नेता रोख मदतीला विरोध करत असेल तर त्याच उद्योगासाठी आयात कर, कोटा, सरकारी खरेदीतली राखीव जागा यांवर त्याने कसं मत दिलं ते बघा. बरेच काटकसरी नेते इथे सापडतात.

२००८ चं उदाहरण सर्वांच्या लक्षात आहे, पण त्यातला एक तपशील सहसा सुटतो. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या तिन्ही मोटार कंपन्यांचे (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) प्रमुख २,५०० कोटी डॉलर मागायला खासगी जेट विमानांनी वॉशिंग्टनला आले आणि हसं करून घेऊन परतले. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने १,४०० कोटींचं तात्पुरतं कर्ज मंजूर केलं. सिनेटमध्ये टेनेसीचे बॉब कॉर्कर यांनी आपल्या अटी पुढे केल्या: रोखेधारकांनी, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे घेतलेल्यांनी, दोन तृतीयांश कर्ज सोडावं, निवृत्तांच्या आरोग्य निधीत कंपनीने भरायची निम्मी रक्कम शेअरच्या रूपात जावी, आणि अमेरिकेतल्या जपानी कारखान्यांच्या पातळीवर मजुरीखर्च ठरलेल्या तारखेपर्यंत यावा. कामगार संघटनेशी बोलणी बरीच पुढे गेली आणि त्या तारखेवर अडली. कॉर्कर यांना २००९ हवं होतं, संघटना चालू करार संपेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत थांबायला सांगत होती. ११ डिसेंबरच्या रात्री विधेयकाला ५२ विरुद्ध ३५ मतं पडली. पुढे सरकायला ६० लागत होती. विधेयक पडलं.

आठच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी बँकांसाठीच्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला १,७४० कोटी डॉलर देऊ केले. वरवर पाहता कॉर्कर हरले. पण त्या कर्जाच्या कागदांत उद्दिष्टं म्हणून काय लिहिलं होतं? दोन तृतीयांश कर्जकपात, निधीची निम्मी रक्कम शेअरमध्ये, आणि २००९ अखेर स्पर्धकांइतका मजुरीखर्च. पडलेल्या विधेयकाच्या अटी मंजूर झालेल्या कर्जात जाऊन बसल्या होत्या.

आता याच कॉर्कर यांची दुसरी बाजू. ते चॅटनूगाचे माजी महापौर. त्याच वर्षी जुलैत फोक्सवॅगनने चॅटनूगात कारखाना काढायचं जाहीर केलं आणि राज्य व स्थानिक सरकारांनी मिळून ५७.७ कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या. तेव्हाचे दुसरे कडवे विरोधक, अलाबामाचे रिचर्ड शेल्बी. त्यांच्या राज्याने १९९३ मध्ये मर्सिडीजला २५ कोटींहून जास्त सवलती देऊन बोलावलं होतं. नवीन कारखान्याला बोलावण्याची सवलत आणि जुन्याला वाचवण्याचं कर्ज यांत फरक आहे, हे मी मान्य करतो. पण करदात्याचा पैसा विशिष्ट कंपनीला देऊ नये, असं ज्याचं तत्त्व आहे त्याला हा फरक फार उपयोगी पडत नाही. पुढे २००९ मध्ये दिवाळखोरीत क्रायस्लरने ७८९ डीलर कमी केले तेव्हा दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या डीलरसाठी आरडाओरड केली आणि अमेरिकी संसदेने त्या डीलरना लवादाचा हक्क मिळवून दिला. शिस्त हवी, पण आमच्या गल्लीत नको.

या सगळ्यात मला स्वतःला विरोधकांचा सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा रकमेचा नाही. तो रांगेचा आहे. कंपनी बुडाली की आधी तारण असलेले धनको (कर्ज देणारे), मग बिनतारणी, शेवटी भागधारक, ही रांग ठरलेली असते. कर्जावरचं व्याजच त्या रांगेतल्या जागेवरून ठरतं. २००९ मध्ये दिवाळखोर क्रायस्लर एका नव्या कंपनीला विकली गेली, तेव्हा तिच्या तारणी धनकोंचं येणं सुमारे ६९० कोटी डॉलर होतं. त्यांना २०० कोटी मिळाले, म्हणजे डॉलरमागे २९ सेंट. निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीचं येणं बिनतारणी होतं, रांगेत मागे. त्याला नव्या कंपनीचे ५५ टक्के शेअर मिळाले. इंडियाना राज्याचे कोषाध्यक्ष रिचर्ड मॉर्डॉक शिक्षकांच्या आणि पोलिसांच्या पेन्शन फंडांच्या वतीने कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने विक्री रोखायला नकार दिला.

सरकारची बाजू अगदीच कच्ची नव्हती. कंपनी मोडीत काढली असती तर तारणी धनकोंना २०० कोटीही सुटले नसते, असं मूल्यांकन कोर्टापुढे होतं. निधीला जे मिळालं ते नव्या मालकाने, आपल्याला हे कामगार लागणार म्हणून दिलं, असं सांगितलं गेलं. शिवाय त्या पेन्शन फंडांनी हे कर्जरोखे दर्शनी किमतीच्या निम्म्याहून कमी भावात घेतले होते, ही कुजबुजही होतीच. तरी खरेदीदारामागे पैसा सरकारचा असताना ‘नव्या मालकाने मर्जीने दिलं’ हा युक्तिवाद मला पचत नाही. त्यानंतर ज्या उद्योगात संघटना प्रबळ आणि सरकार हळवं, तिथे तारण असलं तरी भरवसा किती ठेवायचा, हे धनको मनातल्या मनात मोजू लागतात. ही किंमत पुढच्या कर्जदारांच्या व्याजात मोजली जाते आणि तिचा आकडा कधी छापून येत नाही.

विरोध कुठे फसतो तेही सांगायला हवं. ‘दिवाळखोरी कायदा आहे ना, जा तिकडे’ हे उत्तर सामान्य काळात बरोबर आहे. पण दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीलाही पगार, वीज आणि कच्चा माल यांसाठी रोज पैसे लागतात, आणि ते देणारा सावकार लागतो. २००८ च्या अखेरीस एवढी रक्कम देणारी एकही बँक उभी नव्हती. रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांनी त्या नोव्हेंबरात बेलआउटविरोधी लेख लिहिला. लोकांच्या लक्षात विरोध तेवढा राहिला, पण त्यात दिवाळखोरीनंतरच्या कर्जाला आणि गाड्यांच्या वॉरंटीला सरकारी हमी द्यावी असंही म्हटलं होतं. म्हणजे त्यांनाही सरकारशिवाय वाट दिसत नव्हती. फोर्डने आधीच, २००६ मध्ये, बोधचिन्हासकट सगळं गहाण टाकून पैसे उभे केले होते, त्यामुळे तिला हे कर्ज घ्यावं लागलं नाही. तरीही तिचे प्रमुख ॲलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांसाठी रदबदली करायला गेले, कारण सुट्या भागांचे पुरवठादार सामायिक होते आणि ते बुडाले असते तर फोर्डच्याही गाड्या बनल्या नसत्या. अशा वेळी नुसतं ‘नाही’ हे धोरण होत नाही. शेवटी जनरल मोटर्समध्ये सरकारने घातलेल्या ४,९५० कोटी डॉलरपैकी सुमारे ३,९०० कोटी परत आले. उरलेला तोटा हा मोडतोड टाळण्याचा खर्च होता की कुणाच्या तरी वाट्याचं नुकसान करदात्याने उचललं, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. मला त्यात दोन्ही दिसतं.

आणि सत्तेत आल्यावर काय होतं? ब्रिटनचे किथ जोसेफ हे थॅचर यांचे वैचारिक गुरू मानले जात. उद्योगमंत्री म्हणून १९८१ मध्ये त्यांच्याच हातून ब्रिटिश लेलँड या मोटार कंपनीला ९९ कोटी पौंड गेले. विरोधी बाकावर बसून ‘नाही’ म्हणणं फार स्वस्त असतं, एवढंच त्यावर म्हणतो.

सत्तेत राहून ‘नाही’ टिकवल्याचं उदाहरण हवं असेल तर स्वीडन बघा. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारांनी जहाजबांधणी कारखान्यांत अफाट पैसा ओतला आणि तरीही पुढच्या दशकात मोठे कारखाने बंद झाले. त्यातला उद्देवालाचा कारखाना साब या मोटार कंपनीच्या ट्रोलहेटन गावापासून हाकेच्या अंतरावर. म्हणून २००९ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या मालकीच्या साबला वाऱ्यावर सोडलं तेव्हा उद्योगमंत्री मॉड ओलॉफसन यांनी सरकार मोटारींचे कारखाने मालकीचे करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण हात झटकले नाहीत. मोटार उद्योगासाठी २,८०० कोटी क्रोनरची चौकट आधीच आखली होती. साबच्या नव्या मालकाला युरोपीय गुंतवणूक बँकेचं ४० कोटी युरोपर्यंतचं कर्ज मिळालं, त्याला स्वीडनची हमी होती. आणि हमीपोटी तारण म्हणून घेतली ती सुटे भाग विकणारी उपकंपनी. डिसेंबर २०११ मध्ये साब दिवाळखोर झाली, हमी भरावी लागली, आणि ही उपकंपनी सरकारच्या ताब्यात आली. रस्त्यावर धावणाऱ्या लाखो जुन्या साब गाड्यांना भाग लागणारच होते, त्यामुळे ती चालत राहिली. बुडत्या कंपनीत काय बुडणार नाही ते आधी हेरून त्यावर बोट ठेवणं, याला आमच्याकडे चांगलं तारण म्हणतात. हजारो कामगारांची नोकरी मात्र गेली. हे लपवणारा विरोधक खोटं बोलतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी त्या नेत्याच्या भाषणांकडे फार लक्ष देऊ नका. विधेयकावर त्याने मांडलेल्या दुरुस्त्या सभागृहाच्या नोंदीत असतात, त्या काढा. तारण काय मागितलं, शेअर किंवा वॉरंट मागितले का, रांग मोडू नये म्हणून कलम सुचवलं का, आणि कारखाना बंद पडलाच तर कामगारांच्या थकीत पगाराची व पुनर्प्रशिक्षणाची तरतूद मागितली का, ते पाहा. मग त्याच वर्षात त्याच्या मतदारसंघातल्या कुठल्या कंपनीला कोणती सवलत मिळाली आणि त्यावर त्याचं मत कुठे पडलं, ते ताडून बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एका दुपारचं काम आहे.